मामीच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

“मागं बघू नकोस! अगं अडी, मागं बघू नकोस म्हणते ना! तशीच जा!”

समोरची शेजारीण कामाक्षी मामी आपल्या दारात उभी राहून इतक्या जोरात ओरडत होती की राजवाड्याच्या बुरुजावरची झाडून सगळी कबुतरं उडाली, आणि त्यातली निम्मी थेट कुंभकोणमला जाऊन स्थायिक झाली. मी गल्लीच्या मधोमध, एक पाय तिच्या घराकडे, एक पाय माझ्या. गाठोडं तिच्या देवघरात ठेवून चार पावलं चालले तेव्हा लक्षात आलं, की गल्ली धूसर दिसते आहे. गाठोड्यात जुना चष्मा बांधायचा होता, मी नाकावरचाच बांधून टाकला होता.

“मामी, माझा चष्मा!”

“चष्मा गेला! तूही गेलीस! गेलेलं माणूस परत येऊन चष्मा मागतं का? पो, जा!”

मामी बोलते ते तमिळ; आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेले मराठी, म्हणून मी ते मराठी करून घातलं आहे. ओरडणं तेवढं भाषांतरात कमी झालं.

प्रस्थान ठेवायची ही रीत तिकडे मराठी मुलखात तुमच्याकडेही पूर्वी होती म्हणतात. आमच्या गल्लीत अजून आहे. प्रवासाचा दिवस चांगला नसला, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी जाणाऱ्यांची अंगाजवळची एकेक वस्तू, एक नारळ, मूठभर तांदूळ आणि हळकुंड असं एका कापडात बांधायचं आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. ते गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं, की तुम्ही निघालात. मग घरात बसून भात खा, भांडा, लोळा, काय हवं ते करा. रीतीप्रमाणे तुम्ही वाटेवर आहात. निघायच्या दिवशी ते शेजारून उचलायचं आणि तसंच पुढं जायचं. तीन दिवस ठेवतात, फार तर पाच.

मामीनं बोटांच्या पेरांवर मोजलं. आमच्या ठेवण्याच्या आणि जाण्याच्या मध्ये तेरा दिवस होते. तिचं बोट शेवटच्या पेरावर थांबलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पदरानं बोट पुसलं.

यंदा पुन्हा मार्गळी, म्हणजे तुमचा धनुर्मास, आली आहे. पहाटे देवळांचे कर्णे सुरू होतात, ते एकमेकांवर इतके ओरडतात की प्रत्येक देवाला दुसऱ्याचीच स्तुती ऐकू जात असेल. धुकं गल्लीत शिरतं आणि पाहुण्यासारखं नऊ वाजेपर्यंत हलत नाही. दारात कोलम, म्हणजे आमची पिठाची रांगोळी, कोलमच्या मध्यावर शेणाचा गोळा, गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल. पुरुष डोक्याला मफलर गुंडाळून, जणू हिमालयातून आल्यासारखे, दुधाच्या पिशव्या आणायला जातात. मला हा महिना फार आवडायचा. आता कोलम काढताना मी पाठ भिंतीकडे ठेवते.

महिना देखणा, पण त्यात काही सुरू करायचं नाही. लग्न नाही, घर नाही, प्रवास नाही. आणि शाळेला सुट्टी मिळते ती नेमकी त्यातच. मी भूगोल शिकवते. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे हे घडलं तेव्हा, सव्वीस वर्षं मी खडूनं फळ्यावर बेटं काढली होती. इतकी की सगळी समुद्रात सोडली असती तर जहाजांना जायला वाट उरली नसती. पण प्रत्यक्ष बेटावर माझं पाऊल पडलेलं नव्हतं. त्या वर्षी आमची मुलगी मैथिली, चेन्नैला नोकरी करते ती, लॅपटॉप घेऊन घरी आली आणि तिनं पडद्यावर अंदमानकडचं एक बेट उघडलं. पांढरी वाळू, पाण्यात उतरलेली झाडं, आणि पाणी असं, की त्या रंगाची साडी कुठल्याच दुकानात नाही. मी चहाचा पेला हातात धरून पाऊण तास उभी होते. चहावर साय येऊन ती वाळली.

“जायचं,” मी म्हणाले.

आमचे हे सावध माणूस. ओरत्तनाडुला सरकारी कचेरीत आहेत, रोज बसनं जातात, उन्हाळ्यातही छत्री नेतात. ते म्हणाले, “अप्पांचं काय?” अप्पा म्हणजे माझे मामंजी. वय चौऱ्याऐंशी, दात स्वतःचे, कान तिखट. त्यांच्याकडे मामी बघणार, दोन्ही वेळचा भात देणार, हे ठरलं. तिकिटं काढली. मग ह्यांना आठवलं, की मार्गळी. आणि मग मीच तोऱ्यात म्हणाले, “प्रस्थान ठेवू! कार्तिकाच्या शेवटी ठेवलं की मार्गळी आपल्याला काय करते?”

माझा चष्मा, ह्यांचं घड्याळ, मैथिलीचा केसांचा चाप. बांधायला कापड सापडेना, मुहूर्त चालला होता, म्हणून दोरीवरचं मामंजींचं अंगवस्त्र ओढलं आणि त्यात बांधलं. ही चूक आमच्या गल्लीतलीच माणसं करू जाणोत. जो जाणार नाही त्याचं कापड बांधायचं नसतं, हे मला मामीनं नंतर सांगितलं.

दुसऱ्या पहाटेपासून फूलवाली आमच्या दारावरून न थांबता जायला लागली. “पूवे… पू…” अशी हाक शेजारच्या दारात द्यायची, आमच्या दारापुरतं तोंड मिटायची, पुढच्या दारात उरलेला शब्द पुरा करायची. मी ‘ए’ म्हणून ओरडले तर टोपली सावरत गेली. दूधवाल्यानं पिशवी टाकली नाही. मामीनं गल्लीभर सांगून ठेवलं असणार, गेले ते लोक. मी मनात हसले. गल्लीतलं तांबडं कुत्रं, जे नऊ वर्षं माझ्या हातचा पहिला डोसा खात आलं, ते माझ्या ओल्या कोलमवरून तुरुतुरु चालत गेलं आणि माझ्याकडे पाठ करून बसलं. शाळेत हजेरीच्या यंत्रानं माझा अंगठा घेतला नाही. मार्गळीत तांदळाच्या पिठानं बोटं झिजतात, आम्हां बायकांचं होतं तसं. मी आपली रोज वहीत सही करत होते.

ह्यांचं तर उलट. बसमध्ये कंडक्टर ह्यांच्याकडे तिकीटच मागेना. तीन दिवस हे छाती फुगवून घरी आले, “आता माझ्याकडे बघूनच कळतं त्याला, सरकारी माणूस.” चौथ्या दिवशी एक बाई येऊन ह्यांच्या मांडीवर बसली. बसली म्हणजे बसायला लागली. हे ओरडले, तेव्हा दचकून इकडे तिकडे बघत उठली. पाचव्या दिवशी ह्यांनी रजा टाकली.

पण ह्यातलं बहुतेक नंतरचं. त्या पहिल्या सकाळी मला फक्त एवढं दिसलं, की मामंजींनी स्वतःपुरती एक पेला कॉफी केली.

आमच्या घरात कॉफी मी करते. मामंजी तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर बसतात, मी पेला देते, आणि तो गार होईपर्यंत त्यांना आदल्या दिवसाची हकीकत सांगते. मी शाळेत साप निघाला म्हणून सांगते, वीस फुटी. ते म्हणतात, “दहा म्हण.” मी म्हणते, पन्नास मुली बेशुद्ध पडल्या. ते म्हणतात, “पंचवीस.” असं अर्धं करत करत आमची सकाळ व्हायची. हे देवनागरी अक्षरही मला त्यांनीच शिकवलं. ह्या घरात सून म्हणून आले तेव्हा मला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. त्यांनी एक जुनी वही काढली आणि रोज एक पान. माझं अर्धं तरी खरं असतं असं मानणारा जगात तो एकच माणूस.

त्या सकाळी त्यांनी आपली कॉफी प्यायली, पेला विसळला, कमरेची वेष्टी सावरली, बाहेर गेले आणि दाराला कुलूप लावलं.

आम्ही तिघं आत.

“अप्पा!” हे खिडकीच्या गजाला तोंड लावून ओरडले. “अप्पा, आम्ही आत आहोत!”

मामंजी गल्ली ओलांडून मामीच्या दारात गेले, किल्ली तिच्या हातात दिली. त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “अस्के, सगळेच, गेले समुद्राकडे. किल्ली तुझ्याकडे असू दे. माझा हल्ली विसराळूपणा.”

मामीनं त्यांच्या खांद्यावरून आमच्या खिडकीकडे बघितलं. तीन तोंडं, सहा हात, गज हलवतायत. तिनं मान फिरवली आणि मामंजींना म्हणाली, “बसा अण्णा, थोडा भात खाऊन जा.” मग मागच्या दाराची बाहेरची कडी काढून आम्हांला सोडवलं, आणि सोडवताना माझ्या अंगाला हात लागू दिला नाही.

तेव्हापासून ते आम्हांला बघेनात. रागावले नव्हते. रागावलेलं माणूस आपल्याला टाळतं, म्हणजे आपण आहोत हे त्याला ठाऊक असतं. ते मी वाढलेलं पान ओलांडून जात, मैथिली समोर उभी राहिली तर तिच्या पलीकडच्या कॅलेंडरवर तिथी बघत. मी ठरवून टाकलं, की मामंजी गेले. त्यांचं अंगवस्त्र गेलं, त्याबरोबर तेही गेले, आता समोर दिसतंय ती नुसती वेष्टी चालते आहे. ह्यांना मी हे पटवूनही दिलं. हे रडायला लागले. “तिकिटं रद्द कर. माझा बाप मला ओळखत नाही आणि तू बेट बेट करतेस.”

मी नाही केली रद्द. ते पाणी मला डोळे मिटले तरी दिसत होतं.

युक्ती मैथिलीची. मागच्या खोलीत बसून तिनं आपल्या मोबाईलवरून हॉलमधला जुना लँडलाईन लावला. मामंजींनी उचलला आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जसा त्या आठवड्यात उजळलाच नव्हता. “पोचलात? पोचल्याचा फोन कां नाही केला? पाणी कसं आहे?”

मैथिलीनं माझ्याकडे फोन ढकलला. मी स्वयंपाकघरात उभी, ते हॉलमध्ये, मध्ये अकरा पावलं आणि एक पडदा. पडद्याच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती.

“मस्त आहे मामंजी,” मी म्हणाले. “बसएवढा मासा बघितला.”

“रिक्षाएवढा म्हण,” मामंजी म्हणाले.

मी ओठ दाबून धरले.

मग रोज. सकाळी दहाला, त्यांची आंघोळ झाली की, मी बेटावरून फोन करायची. इतकं सुंदर बेट अंदमानात नसेल. माझ्या बेटावर खेकडे रांगेत उभे राहून नळावर पाणी भरत. माझ्या बेटावर नारळ पडायच्या आधी खाली बघून घेत. ते अर्धं करत, मी दुप्पट करत, आणि खरं सांगते, माझी सुट्टी चालू झाली होती. विमानाची मला गरजच राहिली नाही. दुपारी डोळा लागला तर अंग तापलेलं असे, कातडी उन्हानं ओढल्यासारखी. मैथिलीचे केस काथ्यासारखे झाले, विंचरताना तुटायला लागले. अंथरुणात पायाला बारीक काही टोचायचं. झटकलं तर पांढरं, कोलमचं पीठ म्हणावं तर जाड. मी म्हटलं, मामंजी जिथं गेलेत तिथून येतं आहे हे. जुना चष्मा लावून मला काय दिसतंय त्यावर मी तरी किती विश्वास ठेवायचा.

पण ते वाळत चालले होते. मामी दोन वेळा दहीभात आणायची, ते चार घास खायचे आणि दाराकडे बघत बसायचे. मामीला म्हणायचे, “घर फार मोठं झालंय.” फोनवर आवाज बारीक होत गेला. नवव्या दिवशी त्यांनी माझं काही अर्धं केलं नाही. मी म्हटलं, लाट देवळाच्या कळसाएवढी आली, मामंजी. ते म्हणाले, “हं.”

मग म्हणाले, “मागं आवाज येतोय तो कसला?”

स्वयंपाकघरात काही आवाज नव्हता. कुकर बंद, नळ बंद, गल्लीसुद्धा गप्प.

“लाटांचा,” मी म्हणाले. दुसरं काय सुचणार?

“हो,” मामंजी म्हणाले. “ऐकतोय. जवळ आल्या.”

मी खाली बघितलं. माझी साडी घोट्यापर्यंत ओली होती. फरशी कोरडी होती.

यंदा मैथिली परत लॅपटॉप उघडून बसली आहे. वेगळं बेट, तसंच पाणी. “अम्मा, तू हो म्हण, बाकी मी बघते.” मी नको म्हणते आणि गुडघे दुखतात असं कारण देते. गुडघे चांगले आहेत. मामंजी तिण्णैवर आहेत, सत्त्याऐंशी झाले, दात अजून स्वतःचे. सकाळी मी त्यांना सांगितलं, की थंडीनं गल्लीतली चाळीस माणसं आजारी पडली. “वीस,” ते म्हणाले. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. हल्ली ते असे बघतात, बाजारात ओळखीचं कोणी दिसलं आणि नाव आठवेना तसे.

साडी ओली झाली त्याच दिवशी मी मामीच्या दारात गेले होते. आत नाही, दारातच. “मामी, गाठोडं दे. सोडून टाकते. बेट नको मला.”

“घरी आणून सोडलंस तर वाटेतल्या वाटेत राहाल तुम्ही,” मामी म्हणाली. ओरडली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. “निघालात ना? मग पोचा. पोचून परत या. जिथं म्हणून सांगितलं होतंस तिथंच. काय सांगितलं होतंस देवासमोर?”

“बेटावर जातो.”

“मग बेटावर जा.”

खऱ्या बेटावर आता मला जायचं नव्हतं; तिथं कोणीतरी माझी वाट बघत असेल असं वाटत होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आणि सव्वीस वर्षं शिकवलेलं वाक्य मला आठवलं: चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेला जमिनीचा तुकडा. त्यात समुद्राचा उल्लेख नाही. खारं पाणी की गोडं, तेही नाही. पांढरी वाळू परीक्षेत कोणी विचारत नाही.

मामीनं गाठोडं दारातून बाहेर दिलं. ते हातात घेतल्यावर घरी पाऊल टाकायचं नाही, म्हणून मी गल्लीतूनच हाका मारल्या. हे बनियनवर आले, मैथिली एका पायात चप्पल घालून आली. मामी मामंजींपाशी जाऊन बसली. दारातली आमची गाडी पापनाशमच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना सांबाचं, म्हणजे पावसाळी हंगामाचं भात हिरवं, पोटरीत आलेलं, पावसानं कालवे तुडुंब. पापनाशमच्या अलीकडे एका ठिकाणी कालवा फुटून दोन होतो आणि पुढे परत एक होतो. मध्ये एक तुकडा राहतो, आमच्या शाळेच्या मैदानाएवढा. बरं, निम्म्या मैदानाएवढा. तीन शेवग्याची झाडं, एक बगळा. आम्ही कपडे वर धरून, गुडघाभर पाण्यातून त्या बेटावर उतरलो.

गाठ सुटेना. ह्यांनी दातानं सोडवली आणि थुंकले, “खारट.” आतले तांदूळ ओलसर होते, एकमेकांना चिकटलेले. नारळाला कोंब फुटला होता, वीतभर. दहा दिवसांत नारळाला वीतभर कोंब फुटत नाही हे मलाही कळतं, आणि मी तो अर्धा करूनच सांगते आहे. तांदूळ पाण्यात सोडले, नारळ मातीत पुरला. ज्याचं त्यानं अंगावर चढवलं: घड्याळ, चाप. मामंजींचं अंगवस्त्र ह्यांनी खांद्यावर घेतलं. मी चष्मा लावला. सगळं लख्ख दिसलं. शेवगा, बगळा, चिखल, पाण्यावर ऊन. त्यात वावगं काही नव्हतं. मला इतकं कंटाळवाणं बेट मिळालं म्हणून मी आनंदानं मोठ्यांदा ओरडले, आणि बगळा उडाला. त्यानं मला ऐकलं होतं.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी फूलवालीनं गाडीत डोकं घालून विचारलं, “आलात? मल्लिगै देऊ कां?” मी पाच हात मल्लिगैचा, मोगऱ्याचा गजरा घेतला.

मामंजी तिण्णैवर बसले होते. मामी शेजारी. ऊन अजून पिवळं होतं. त्यांचे डोळे आधी मैथिलीवर थांबले, मग ह्यांच्यावर, खांद्यावरच्या अंगवस्त्रावर. “आलात,” ते म्हणाले. हे गल्लीतच मटकन खाली बसले आणि बापाच्या पावलांवर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. मामीनं उठून मला हात लावून बघितला, गालाला, दंडाला, चिमटा काढून. “आली आहेस,” ती म्हणाली. “मधे फोन वाजला होता, अण्णांनीच घेतला,” असं सांगून आपल्या घरी गेली.

मी कॉफी केली. मामंजींनी एक घोट घेतला आणि म्हणाले, साखर कमी आहे. माझ्या अंगातून इतक्या दिवसांचा ताण गळून गेला. मी त्यांच्यासमोर फतकल मारून बसले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “आधी कळवलं नाही मामंजी, एकदम आलो. चकित झालात ना?”

मामंजींनी पेला खाली ठेवला.

“तासापूर्वीच तुझा फोन आला होता,” ते म्हणाले. “तू अजून चार दिवस राहतेस म्हणालीस.”